सापडलेल्या कारणाआड

मोठ्या आतड्याच्या भिंतीत ज्या ठिकाणांहून रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथे स्नायूंचा थर थोडा दुबळा असतो. वय वाढत जाते तसे त्या दुबळ्या जागांवर आतले अस्तर बाहेरच्या बाजूला फुगते आणि वाटाण्याएवढ्या थैल्या तयार होतात. डॉक्टर त्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. पुष्कळांना त्यांचा काहीच त्रास होत नाही; थोड्यांना डाव्या किंवा उजव्या कुशीत कळ येते, एखादी थैली सुजते, क्वचित शौचातून बरेच रक्त जाते. त्याच आतड्यात, साधारण त्याच वयात, आणखी एक गोष्ट वाढत असू शकते. ती म्हणजे पॉलिप, अस्तरावर आतल्या बाजूला उगवणारा कोंब. थैलीचा कर्करोग होत नाही. पॉलिपचा एक प्रकार, अ‍ॅडिनोमा, मात्र साधारण दहा वर्षांच्या संथ वाटचालीत कर्करोगाचे रूप घेऊ शकतो आणि वेळेवर सापडला तर दुर्बिणीतूनच, पोट न उघडता, काढून टाकता येतो. अडचण अशी की दोघांच्या तक्रारी सारख्या आहेत. रक्त जाते, पोट दुखते, शौचाची सवय बदलते. थैल्या दिसल्या की या सगळ्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते, आणि उत्तर मिळाले की शोध थांबतो. पॉलिप त्या उत्तराच्या आड राहून जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की कारण सापडणे आणि तपासणी पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बीडसारख्या जिल्ह्यात हा फरक विसरण्याची किंमत फार मोठी आहे.

थैल्या असलेल्या माणसाला पॉलिप जास्त होतात का, या प्रश्नावर संशोधकांचे एकमत नाही. काही पाहण्यांत संबंध दिसतो, काहींत वयाचा हिशेब लावला की तो नाहीसा होतो. दोन्ही गोष्टी वयाबरोबर वाढतात, म्हणून त्या एकत्र दिसतात, एवढे नक्की. पण रुग्णाच्या दृष्टीने हा वाद दुय्यम आहे. त्याच्यासाठी महत्त्वाचे हे की थैल्यांनी भरलेल्या आतड्यात पॉलिप शोधणे अवघड असते. गुदाशयाच्या वर आतडे जिथे इंग्रजी एस अक्षरासारखे वळते, त्या भागात थैल्यांबरोबर स्नायू जाड होतात, पोकळी अरुंद होते, वळणे घट्ट होतात, आतडे सारखे आकसते. दोन घड्यांच्या मधला कोंब पुढून दिसतच नाही. कधी थैलीच उलटी होऊन आत येते आणि पॉलिपसारखी दिसते. ती पॉलिप समजून कापली तर आतड्याला भोक पडते. म्हणून अनुभवी डॉक्टर अशा आतड्यात घाई करत नाहीत. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी लावतात, हवेऐवजी पाणी भरून वळण सोडवतात, रुग्णाला कूस बदलायला लावतात, आकस कमी करणारे इंजेक्शन देतात आणि दुर्बीण बाहेर काढताना प्रत्येक घडीच्या मागे डोकावतात.

ही सावकाशी म्हणजे चैन नव्हे. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा दुर्बिणीने तपासणी केलेल्या अभ्यासांमधून दिसते की पहिल्या फेरीत साधारण एक चतुर्थांश अ‍ॅडिनोमा नजरेतून सुटतात, आणि त्यात लहान व चपटे जास्त असतात. २००६ साली अमेरिकेतल्या १२ डॉक्टरांच्या कामाची मोजणी प्रसिद्ध झाली. जे डॉक्टर दुर्बीण बाहेर काढायला सरासरी ६ मिनिटे किंवा अधिक घेत, त्यांना २८ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा सापडले. घाईने काढणाऱ्यांना सुमारे १२ टक्क्यांत. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासाने त्याच्या पुढचे दाखवले: डॉक्टरचे अ‍ॅडिनोमा सापडण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्याच्या रुग्णांना पुढे आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी घटतो. यंत्र तेच, पण ते कोण, किती वेळ आणि कशाच्या शोधात वापरतो यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. ‘थैल्या आहेत’ एवढे लिहून अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी तपासणी रुग्णाला खोटा धीर देते, आणि माझ्या मते ती न केल्यापेक्षा वाईट, कारण पुढची काही वर्षे तो मनुष्य रक्त दिसले तरी निर्धास्त राहतो.

थैलीची सूज सीटी स्कॅनवर दिसते तेव्हाही हाच धोका असतो. सुजलेल्या आतड्याची भिंत जाड दिसते आणि कर्करोगाची गाठही भिंत जाड करते. चित्रावरून दर वेळी दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. सूज ताजी असताना दुर्बीण घालणे धोक्याचे, म्हणून ती उतरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी आतडे आतून पाहावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. साध्या सुजेच्या रुग्णांत अशा वेळी कर्करोग शंभरात एखाद्याला निघतो. गळू, भोक किंवा अडथळा झालेल्या रुग्णांत मात्र वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज दहांत एकाच्या आसपास जाते. आधी सगळ्यांनाच ‘सूज’ हे निदान मिळालेले होते, आणि ते चुकीचेही नव्हते. ते अपुरे होते.

आता पहिला आक्षेप. हा आजार आपला नाहीच, तो पांढरा पाव आणि डबाबंद अन्न खाणाऱ्यांचा. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या बीडच्या माणसाला याचे काय? या समजुतीला वैद्यकीय वंशावळ आहे. नील पेंटर आणि डेनिस बर्किट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ साली असे मांडले की आतड्याच्या थैल्या हा चोथा कमी खाणाऱ्या पाश्चात्त्य समाजाचा कमतरतेचा आजार आहे. बर्किट यांनी आफ्रिकेत अनेक वर्षे काम केले होते आणि तिथल्या खेड्यांत हा आजार त्यांना दिसला नव्हता. पुढे गोष्ट गुंतागुंतीची निघाली. २०१२ मध्ये अमेरिकेत दुर्बिणीने तपासलेल्या दोन हजारांवर लोकांच्या अभ्यासात जास्त चोथा खाणाऱ्यांनाच थैल्या अधिक आढळल्या. आशियात थैल्या आहेत, फक्त त्या बरेचदा उजव्या बाजूला असतात. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे मी मान्य करतो. पण भाकरी हे कवच आहे असे समजून तक्रारीकडे डोळेझाक करायला तेवढ्याने आधार मिळत नाही.

शिवाय आक्षेप घेणारा मुद्द्याची खरी बाजू सोडून देतो. बीडमध्ये शोध थांबवणारे उत्तर बहुधा थैल्यांचे नसतेच. ते मूळव्याधीचे असते. शौचातून रक्त म्हणजे मोड आले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. आष्टीपासून परळीपर्यंत कोणत्याही बाजारपेठेत मूळव्याध-भगंदरावर हमखास इलाजाची पाटी दिसते. रक्त जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूळव्याधच असते, हेही खरे. पण मूळव्याध इतकी सर्रास आहे की ज्याच्या गुदाशयात गाठ आहे त्यालाही मूळव्याध असू शकते. मोड दिसले, हे वर काही नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात सरासरी वय ४७ होते. पाश्चात्त्य देशांत हाच आजार प्रामुख्याने साठी-सत्तरीत दिसतो. तेव्हा ‘वय काय तुझे, तुला कशाला होतो कॅन्सर’ हा धीरही आपल्याकडे पुरेसा सुरक्षित नाही. आणि गुदाशयातल्या अनेक गाठी बोटाच्या टप्प्यात असतात. हातमोजा घालून केलेली एका मिनिटाची तपासणी, जिला ना वीज लागते ना यंत्र, तीच टाळली जाते. कधी रुग्णाच्या संकोचापायी, त्यातही स्त्री रुग्ण आणि पुरुष डॉक्टर असताना. कधी दाराबाहेरच्या रांगेपायी. मलम आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायला त्याहून कमी वेळ लागतो.

उत्तर हाताशी आहे म्हणून ते स्वीकारायचे, ही सवय बीडला किती महागात पडली याची नोंद सरकारदरबारी आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. विधान परिषदेत मंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक, आणि त्यात कितीतरी चाळिशीच्या आतल्या. ओटीपोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, पाळीत फार रक्त जाते, अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली की ‘पिशवी’ हे कारण तयार होते. पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल, या भीतीवर ऑपरेशने झाली. जंतुसंसर्ग आहे का, गर्भाशयमुखाची तपासणी काय सांगते, दुखणे मूत्रमार्गाचे की आतड्याचे की डोक्यावर मोळी वाहून आलेले, हे प्रश्न विचारायच्या आधीच अवयव काढून झाला. इथे अति उपचार झाला आणि मूळव्याधीच्या चिठ्ठीत अपुरी तपासणी होते, म्हणून ही दोन टोके वाटतील. मला ती एकच चूक दिसते: दोन्हीकडे तपासण्याआधी निष्कर्ष ठरला.

या १३,८६१ स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट पुढे कोणी बोलत नाही, म्हणून ती इथे जरा थांबून सांगतो. ग्रामीण भागात बाईचे हिमोग्लोबिन कमी निघाले की पाळी, बाळंतपणे आणि आहार ही कारणे मनात येतात आणि लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण गर्भाशय काढलेल्या बाईला पाळी येत नाही. तिचे लोह पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ‘पाळीतून जाते’ हे उत्तर तिच्यापुरते संपलेले आहे. जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शनात पुरुष आणि पाळी न येणाऱ्या स्त्रिया यांच्या लोहाच्या कमतरतेकडे वेगळ्या नजरेने पाहायला सांगितले आहे, ते याच कारणासाठी: रक्त पोटातून, आतड्यातून, डोळ्यांना न दिसता झिरपत असू शकते. उजव्या बाजूच्या आतड्यातला कोंब किंवा गाठ बरेचदा एवढीच खूण देते. शौचात लाल काही दिसत नाही, फक्त दम लागतो आणि कामाचा उरक कमी होतो. उसाच्या फडात दम लागणे ही कोणाला तक्रारच वाटत नाही. आहार आणि जंत ही कारणे आधी पाहावीत, गोळ्या देऊन पाहाव्यात. पण गोळ्या नीट घेऊनही रक्त भरत नसेल किंवा भरून पुन्हा उतरत असेल, तर चाळिशी-पन्नाशीतल्या अशा बाईचे आतडे पाहिले गेले पाहिजे. तिच्या शरीरातला एक अवयव न तपासता काढला गेला. दुसरा न तपासता सोडून दिला जाऊ नये.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो अधिक भक्कम आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशभरच्या नोंदणी केंद्रांमध्ये कर्करोगाचे सर्वांत कमी प्रमाण ‘उस्मानाबाद आणि बीड’ या केंद्राचे होते: लाख पुरुषांत ३९.५ आणि लाख स्त्रियांत ४९.४. मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा हाच आकडा २६९.४ होता. इतक्या कमी कर्करोगाच्या प्रदेशात आतड्यातले कोंब शोधत बसणे म्हणजे अपुरा पैसा आणि अपुरे डॉक्टर भलतीकडे वळवणे नाही का? याला ‘आकडे खोटे आहेत, लोकांचे निदानच होत नाही’ असे सोपे उत्तर देता येईल, पण ते प्रामाणिक होणार नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी तिथे गावोगाव जाऊन, माणसांशी बोलून नोंदी केल्या, आणि तरीही प्रमाण कमीच राहिले. म्हणजे या भागात कर्करोग खरोखर कमी आहे, निदान मोठ्या शहरांच्या मानाने. काही रुग्ण निदानाविना जातात हेही खरे, पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही.

म्हणूनच मी पन्नाशीच्या प्रत्येक माणसाला दुर्बीण घाला असे म्हणत नाही. तशी सरसकट तपासणी इथे न्याय्य ठरणार नाही. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत आणि या भागासाठी तो क्रम योग्य आहे. माझा मुद्दा निरोगी माणसांविषयी नाहीच. तो तक्रार घेऊन आलेल्या, रक्त गेलेल्या, रक्त कमी झालेल्या, थैल्यांची सूज येऊन गेलेल्या माणसाविषयी आहे. लाखातले प्रमाण हे गावातून सहज उचललेल्या कोणाचे तरी असते. चाळिशीनंतर शौचाची सवय बदललेल्या, वजन घटलेल्या, रक्तमिश्रित शौच होणाऱ्या माणसाचा धोका त्या आकड्याने मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप बीडच्या अनुभवातूनच येतो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. ज्या जिल्ह्यात कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या, तिथे ‘आतडे तपासून घ्या, पॉलिप असेल’ असे सांगू लागलो तर उद्या दुर्बिणीचा धंदा उभा राहणार नाही कशावरून? राहू शकतो. दुर्बिणीच्या तपासणीलाही जोखीम आहे. आतड्याला भोक पडण्याचा प्रकार हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी होतो, पण होतो. यावर उपाय तपासणी दडवण्याचा नाही, तिला हिशेब लावण्याचा आहे. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातल्यावर जिल्ह्यात लगाम बसला, कारण प्रत्येक शस्त्रक्रियेमागचे कारण कागदावर आणावे लागले. दुर्बिणीचेही तसेच हवे. कशासाठी केली, आतडे किती साफ होते, उजवीकडच्या टोकापर्यंत पोहोचली का, त्या टोकाचा फोटो कुठे आहे, बाहेर काढायला किती मिनिटे लागली, काय काढले आणि ते पॅथॉलॉजीला गेले का. हे अहवालात नसेल तर ती तपासणी अपुरी समजावी. गर्भाशयाच्या ऑपरेशनांत नेमका असा पुरावाच गायब होता. शिवाय दुर्बीण आतडे पाहते आणि ते जागच्या जागी ठेवते. काढला जातो तो कोंब, आणि तोही तपासायला पाठवून.

आता व्यवहाराचा भाग, जो शहरातल्या मार्गदर्शक पुस्तिकांत सापडत नाही. आतडे पाहायचे तर ते आधी रिकामे करावे लागते. आदल्या दिवशी हलका आहार, मग दोन-तीन लिटर जुलाबाचे औषध, रात्रभर शौचाला जाणे. त्यासाठी घरात संडास, भरपूर पाणी आणि एक दिवस मजुरीविना काढण्याची ऐपत लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर कोपीत राहणाऱ्या जोडप्याला यातले काहीच मिळत नाही. खाडा झाला तर मुकादमाच्या उचलीत दंड चढतो. सूज उतरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी या, हा योग्य सल्ला डिसेंबरात दिला तर तो फेब्रुवारीत पडतो, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. रुग्ण येत नाही, मग कागदावर ‘रुग्णाने टाळले’ अशी नोंद होते. ज्या पद्धतीत त्याला येताच येत नाही, तिचा दोष त्याच्या माथी लागतो.

लोक येत नाहीत, त्यांना जाण नाही, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या जिल्ह्याकडे पाहावे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा प्रयोग झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीसाठी निवडलेल्या स्त्रियांपैकी दहांतल्या आठ जणींनी तपासणी करून घेतली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या शेतमजूर, कोरडवाहू भागातल्याच बायका होत्या. फरक इतकाच की तपासणी त्यांच्या गावाजवळ नेली होती, समजावून सांगणारी माणसे होती आणि काही सापडले तर पुढचा उपचार त्याच व्यवस्थेत होता. मराठवाड्यातल्या खेड्यांतून जगाला मिळालेला हा पुरावा बीडला परका नाही.

ऊसतोड कामगारांची हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, ही मागणी गर्भाशयांच्या चौकशीतूनच पुढे आली. अशा तपासणीत हिमोग्लोबिन पाहिले जातेच. त्याच कागदावर आणखी तीन प्रश्न विचारता येतील: शौचातून रक्त जाते का, सवय बदलली आहे का, गर्भाशय काढले आहे का. चाळिशीपुढच्या ज्यांचे उत्तर काळजीचे असेल त्यांची बोटाने तपासणी तिथेच व्हावी. रक्त दिसत नाही पण हिमोग्लोबिन खाली आहे, अशांची रक्तक्षयाची बाकी कारणे पाहून त्यांना पुढे पाठवावे. त्यानंतर दुर्बिणीची गरज उरेल ती मोजक्यांना. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातल्या माणसासाठीच काढले गेले. तिथे आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात मे ते सप्टेंबर या महिन्यांत, कामगार गावी असताना, आतड्याच्या दुर्बिणीचे वार ठरवून द्यावेत. आदल्या रात्री वॉर्डात खाट, पाणी आणि संडास मिळावा, म्हणजे जुलाबाचे औषध घरी घ्यायची वेळ येणार नाही. आणि प्रत्येक अहवालावर दुर्बीण कुठवर पोहोचली ते लिहिलेले असावे. जिल्हा प्रशासनाने येत्या हंगामाच्या आधी एवढे करावे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे ‘मूळव्याध आहे’ म्हणून मलम लावणारे किंवा ‘थैल्या आहेत’ म्हणून गोळ्या घेणारे कोणी असेल, त्यांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे: हे आहे हे कळले, पण याशिवाय वर काही नाही, हे कोणी पाहिले आहे का?